सूयुनचं नको

सूयुनला आयुष्यात सगळं जमलं, एक सोडून. हवी असलेली वस्तू समोर आली की 'हवी' म्हणणं तिला कधी जमलं नाही. दोष तिचा एकटीचा नव्हता, माहेरची रीतच तशी होती. कुणी काही देऊ केलं तर तीनदा नको म्हणायचं, दोन्ही हात पाठीमागे न्यायचे, देणाऱ्याला दारापर्यंत ढकलत न्यायचं आणि मग नाइलाज झाल्यासारखं तोंड करून घ्यायचं. पहिल्या खेपेला घेणारी पोर म्हणजे हावरट. यांगचौ शहराच्या वरच्या अंगाला, महाकालव्याच्या काठी असलेल्या त्या गावात अजूनही दोन बायका बदकाच्या अंड्यांच्या टोपलीवरून रस्त्यात झोंबाझोंबी करताना दिसल्या, तर समजावं की एक देते आहे आणि दुसरी घेते आहे.

देशंगला हे लग्नानंतर कळलं. तो मालवाहू बोटीवरचा सुकाणू धरणारा माणूस, सरळ पाण्यासारखा सरळ. पहिल्याच खेपेहून त्याने बायकोसाठी रेशमी रुमाल आणला. ती म्हणाली, "नको, कशाला उगाच." त्याने पुढच्या खेपेला तो गुपचूप दुकानात परत केला. सूयुनने कितीतरी दिवस अबोला धरला, आणि काय झालं विचारलं की "कुठे काय" म्हणायची. शेवटी देशंगच्या आईने त्याचा कान धरला. "अरे बैलोबा, बायकोचं नको ऐकायचं नसतं."

तेव्हापासून त्याने ते ऐकलं नाही. लोकरीचा कोट, शिवणयंत्र, पुढे कपडे धुवायचं मशीन, सगळ्याला ती नको म्हणाली, सगळं त्याने आणलं आणि सगळं तिने झिजेपर्यंत वापरलं. त्यांचा संसार या एका समजुतीवर बरा चालला. तो वर्षातले आठ-आठ महिने पाण्यावर असायचा, हेही त्याचं एक कारण असेल.

मागच्या शरदात, चांदण्याच्या सणाच्या तोंडावर, सूयुन अंगणात कोसळली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा गेली असं सगळे म्हणत, पण एक शब्द मागे राहिला होता. 'बरं.' मनात काहीही असो, जीभ तेवढंच म्हणायची. तहान लागली तरी बरं, पाठ जळजळली तरी बरं. डॉक्टर म्हणाले की असं होतं कधीकधी, एखादा शब्द पुरातून वाचल्यासारखा वाचतो. लिहून दाखवावं तर डाव्या बोटांत पेन्सिल धरली की अक्षरंच आठवायची नाहीत. सूयुनला याचाच राग यायचा. आयुष्यभर जिने कशालाही नको म्हटलं, तिच्या वाट्याला नेमका हा शब्द उरावा. एखादी शिवी उरली असती तरी चाललं असतं.

तिच्या खोलीची खिडकी अंगणात उघडायची. अंगणाच्या पलीकडच्या भिंतीशी तिचा पिओनीचा वाफा होता. झाडावर येणारी पिओनी म्हणजे फुलांचा राजा, ती लोयांगवाल्यांची. ही यांगचौकडची पिओनी राजाची दिवाण. हिला खोड नाही. थंडीत पार जमिनीत जाऊन बसते आणि वसंतात लाल बोटांसारखे कोंब काढून पुन्हा वर येते. घराघरांत असते ती. पण सूयुनकडे जी होती ती कुणाकडेच नव्हती.

गोष्ट अशी, की पिओनीत वास असतो तो पांढऱ्या-गुलाबी फुलांना. लाल फूल दिसायला देखणं, पण नाकाला लावलं तर औषधाच्या दुकानासारखं, नाहीतर काहीच नाही. सूयुनच्या मनाने घेतलं की लाल आणि वासाची अशी एक हवी. ही एक गोष्ट तिने कुणाकडे मागितली नाही, म्हणून नको म्हणायची वेळ आली नाही. एका गुलाबी फुलाचे पराग तिने रंगकामाच्या बारीक ब्रशाने लाल फुलाला लावले, बी धरलं, पेरलं. बियाची पिओनी फुलायला चार-पाच वर्षं घेते. पहिल्या वर्षी तर ती वर तोंडही काढत नाही, नुसतं मूळ खाली सोडते. सूयुनने वाट पाहिली. बहुतेक रोपं निघाली लालभडक आणि बिनवासाची, ती तिने वाटून टाकली. एक निघालं हवं तसं. गडद लाल, भरगच्च, आणि वास असा की सकाळी दार उघडलं की गुलाबपाण्यात लिंबाची साल पिळल्यासारखा अंगावर यायचा.

शेजारची च्याओलान दरवर्षी त्याचा एक तुकडा मागायची. "ताई, एक मुळी. एकच डोळा असलेली." सूयुन म्हणायची, "पुढच्या शरदात देते हं. अजून गड्डा लहान आहे." गड्डा केव्हाच मोठा झाला होता. सगळ्यांना कपडे-भांडी-अंडी वाटणारी सूयुन या एका बाबतीत कवडीचुंबक होती. गेल्या शरदात मात्र तिने खरंच ठरवलं होतं, पांढरं दव पडायला लागलं की गड्डा काढायचा, तीन भाग करायचे, एक इथे, एक शन्झेनला लेकीकडे, एक च्याओलानला. दव पडलं, पण गड्डा निघायच्या आधी तीच पडली.

हिवाळाभर ती त्या भिंतीकडे बघत होती. थंडी सरली आणि एका सकाळी तिला तिथे लाल ठिपके दिसले. मग ते बोटभर झाले, मग वीतभर, आणि पानं उलगडली. सूयुनला इतकं पुरे होतं. वास खिडकीपर्यंत आला तर आला. तिच्या अंगात जे काही मेलं होतं त्याच्या समोर ते रोज वाढताना दिसत होतं, एवढ्यावर तिचा दिवस जायचा.

देशंग हे बघत होता. निवृत्त झाल्यापासून हा माणूस घरात पाहुण्यासारखा वावरायचा. आता पेज शिजवायला शिकला, बायकोला कुशीवर वळवायला शिकला, तिची वेणीसुद्धा घालायला शिकला, दोरखंड वळल्यासारखी घट्ट. बाई दिवसभर खिडकीतून काय बघते, हे त्याच्या ध्यानात आलं. पूर्वजांची थडगी झाडायच्या वसंतातल्या सणाला तो एकटाच जाऊन आला, आणि संध्याकाळी तिला पेज भरवता भरवता म्हणाला, "अगं, मी एक ठरवलंय. तुझी ती लाल पिओनी मी कुंडीत काढतो आणि इथे तुझ्या उशाशी ठेवतो. यंदा नाकाजवळ फुलू दे."

सूयुनच्या घशात पेज अडकली. तिने मान हलवली, जोरात, दोन्हीकडे. "बरं," ती म्हणाली. तिला म्हणायचं होतं, अरे मेल्या, हात लावू नकोस.

"नको म्हणतेस ना? म्हणणारच." देशंग हसला. त्याने तिच्या हनुवटीवरची पेज पुसली. "माझ्या कंबरेची काळजी करू नकोस. बोटीवर नांगर उचललाय मी, एक झाड काय जड."

तिने पुन्हा मान हलवली. "ही दुसरी वेळ," देशंग बोट मोडून म्हणाला. "आता तिसऱ्यांदा म्हण, म्हणजे मी कामाला लागतो." तिसऱ्यांदा तिने मान हलवली नाही. डोळे मिटून पडून राहिली. त्याने त्याचाही अर्थ होकारच घेतला.

पिओनीच्या मुलखात पोरासोरांना ठाऊक असतं की हिला हलवायची ती शरदात. वसंतात तिचा सगळा जीव कोंबात चढलेला असतो. त्या वेळी मूळ तुटलं की ती मरते तरी, नाहीतर रुसते ती जन्माची. पण देशंगने पोरवयापासून सगळं आयुष्य पाण्यावर काढलं होतं. पाण्याला मुळं नसतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, हे सूयुनला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी शन्झेनहून लेकीचा, वेनचिनचा, फोन आला. चेहरा दिसणारा फोन. सूयुनने ठरवून ठेवलं होतं. तिने डावा हात उचलला, खिडकीकडे दाखवला, मान हलवली, मग हाताने खणल्यासारखं केलं आणि पुन्हा मान हलवली. घाम फुटला तिला.

"बाबा, बघितलंत? हात केवढा वर जातोय आईचा," वेनचिन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तो व्यायाम बंद करू नका हं."

"बरं, बरं, बरं," सूयुन ओरडली.

"ती बाहेर दाखवतेय. अंगणात जायचंय तिला. किती महिने झाले कोंडून, नेत का नाही तुम्ही?"

"उंबरा आहे, तीन पायऱ्या आहेत. खुर्ची उतरत नाही खाली," देशंग अपराध्यासारखा म्हणाला. "पण नेतो. आज नेतो."

त्याने तिला पाठीवर घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पायऱ्या उतरताना त्याचे गुडघे कडकड वाजत होते आणि तिचा निर्जीव पाय त्याच्या मांडीवर आपटत होता. वाफ्याशी बांबूची खुर्ची मांडून त्याने तिला बसवलं, अंगाभोवती रजई गुंडाळली. सूयुन वाकली. इतक्या जवळून तिने ते झाड सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. पानांच्या बेचक्यात कळ्या धरल्या होत्या, वाटाण्याएवढ्या, चिकट, आणि त्यांच्यावर मुंग्या चढायला लागल्या होत्या. क्षणभर ती सगळं विसरली. मग आठवलं, आणि तिने डाव्या हाताने झाडाच्या बुडाची माती मुठीत घट्ट धरली. इथेच. इथेच राहू दे. ती देशंगकडे बघत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

देशंगलाही रडू आलं. "अगं वेडे," तो तिच्या बोटांतली माती सोडवत म्हणाला, "एवढा जीव आहे तुझा तिच्यावर, आणि मला नको म्हणत होतीस." त्याने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. कंबर धरली होती. "तुला रोज असं आणणं काही माझ्याच्याने व्हायचं नाही. तिलाच आणतो तुझ्याकडे. उद्याच."

सूयुनला त्या क्षणी हसू येणं शक्य असतं तर ती हसली असती. सांगायला जावं तर पाऊल उलटं पडत होतं.

सकाळी त्याने लोणच्याचा जुना रांजण धुतला, खिळ्याने बुडाला भोक पाडलं आणि कुदळ घेतली. सूयुन खिडकीतून बघत होती. पहिला घाव पडला तेव्हा तिने तिपाईवरचा वाडगा डाव्या हाताने ढकलून दिला. वाडगा फुटला. देशंग कुदळ टाकून धावत आला.

"काय झालं? शी लागली?"

"बरं."

त्याने तिला उचललं, भांडं खाली दिलं, वाट पाहिली. काही झालं नाही. पुसलं, पावडर लावली, कपडा बदलला, वाडग्याचे तुकडे गोळा केले. हे सगळं त्याने इतक्या मायेने केलं की सूयुनला त्याचा राग येईना. राग आला असता तर निदान आधाराला काहीतरी मिळालं असतं. मग तो पुन्हा बाहेर गेला. तिने पुन्हा काही पाडलं असतं, पण हाताला लागेल असं काही त्याने आता तिथे ठेवलं नव्हतं.

पिओनीची मुळं हातभर लांब जातात, मुळ्यासारखी जाड. त्याने ओढली तशी ती आत तुटली. तुटण्याचा आवाज खिडकीपर्यंत आला, की तो तिला नुसता वाटला, देव जाणे. वर आलेला गड्डा रांजणात मावेना. देशंगने इकडून तिकडून बघितलं आणि आत जाऊन भाजीचा कोयता आणला. सूयुनने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेवढं तिला करता येत होतं.

तोडलेली मुळं त्याने टाकली नाहीत. जुना माणूस, वाया काही घालवायचा नाही. गावचा वैद्य सूयुनला जो काढा द्यायचा त्यात पिओनीची लाल मुळी असायचीच, रक्त वाहतं ठेवायला. देशंगने मुळं धुतली, चकत्या केल्या आणि वैद्याच्या पुडीबरोबर उकळल्या. "पुडीतली ती वाळकी कधीची असेल कुणास ठाऊक," तो चमचा फुंकत म्हणाला. "ही आपल्या घरची, ताजी. हिने गुण येईल बघ."

सूयुनने ओठ मिटून घेतले. "एकदा," देशंग म्हणाला. तिने मान फिरवली. "दोनदा." मग त्याने तिच्या गालावर अंगठा ठेवून, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, हलकेच तोंड उघडलं. काढा कडू होता, पण ती रडली ती कडूपणाने नाही. पाच वर्षं बियातून वाढवलेली, दरवर्षी शेजारणीला नाकारलेली आपली पिओनी ती घोट घोट प्यायली.

रांजण उशाशी आला. पहिल्या दिवशी पानं माना टाकून बसली. देशंगने पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी पाणी घातलं. बदकांची विष्ठा घातली, तांदळाचं धुवण घातलं. काही पानं सावरली, आणि तेवढ्यावर तो दिवसभर खूष होता. रोज सकाळी डोळे उघडले की तो आधी रांजणाकडे बघायचा, मग तिच्याकडे. "फुलेल ना गं?"

"बरं," सूयुन म्हणायची. कळ्या वाटाण्याएवढ्या होत्या त्या तेवढ्याच राहिल्या. मग तपकिरी झाल्या, मग काळ्या, आणि बोट लागलं की गळायला लागल्या. मुंग्या केव्हाच निघून गेल्या होत्या. गळलेल्या कळ्या देशंग तिच्या नकळत उचलायचा आणि खिशात टाकायचा. तिला ते दिसायचं. अंगणात बाकीच्या पिओनी फुलल्या, गुलाबी, पांढऱ्या, आणि त्यांचा मंद वास दुपारी खोलीत यायला लागला. तिला आता तो नको होता.

च्याओलान सुनेच्या बाळंतपणाला नानजिंगला गेली होती ती त्या सुमारास परतली. नातवाच्या आनंदाची लाल रंगवलेली अंडी घेऊन आली. देशंगने नको नको केलं, तिने घ्या घ्या केलं. मग तिची नजर रांजणावर गेली आणि अंडी हातातच राहिली.

"भावजी, ही ती नव्हे ना?"

"तीच. हिच्या उशाशी फुलावी म्हणून आणली. पण कळ्या गळतात बघा. खत कमी पडतंय का?"

च्याओलानने खाली बसून मातीत बोट घातलं. चाचपलं. "केव्हा काढलीत?"

"थडगी झाडायच्या सणानंतर."

"अहो भावजी," ती बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, दमल्यासारखा होता, "वसंतात उकरली मुळी, मरेपर्यंत नाही कळी. दूधपित्या पोराला ठाऊक असतं हे. निम्मी मुळं तोडलीत वर. ही पानं आहेत तीसुद्धा आतल्या शिदोरीवर आहेत, ती संपली की झालं." तिने सूयुनकडे पाहिलं. "ताई, मला एक तुकडा दिला असतास तर आज..." एवढं बोलून ती थांबली. सूयुनला वाटलं, बोल बाई, पुरतं बोल. उभ्या आयुष्यात मी एकदाच खरं नको म्हटलं, ते तुला.

"पण तुम्हांला ताईने अडवलं नाही? मान तरी हलवता येते की तिला."

च्याओलान अंडी तिपाईवर ठेवून निघून गेली. देशंग तिच्या मागून दारापर्यंत गेला. मग आला आणि पलंगाच्या कडेला बसला. खिशात हात घातला, गळलेल्या कळ्या बाहेर निघाल्या, त्या कुठे ठेवाव्या ते त्याला सुचेना. म्हणून पुन्हा खिशातच टाकल्या.

"तू मान हलवत होतीस," तो म्हणाला. "वाडगा फोडलास. माती धरलीस." मग तिच्याकडे वळून, "तुला ठाऊक होतं हे? वसंताचं?"

सूयुनने त्याच्याकडे बघितलं. मागचे सहा महिने हा माणूस एक रात्र सलग झोपला नव्हता. याला आता हो म्हणून कळवलं तर तो काय करेल हे तिला चांगलं ठाऊक होतं. काही करणार नाही. पेज करेल, वळवेल, पुसेल, आणि प्रत्येक वेळी, आपल्याला बायकोचं कळतं का, अशी धास्ती घेऊन करेल. उरलंसुरलं तिचं जग याच दोन हातांवर होतं. पिओनी गेली होती. तिने मान हलवली, नाही.

"नव्हतं ठाऊक?"

तिने पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदाही. आणि ही नाही त्याने नेहमीसारखी हो धरू नये म्हणून, वर चौथ्यांदा.

चाळीस वर्षं पिओनी लावणाऱ्या बाईला हे ठाऊक नसेल, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. देशंगने ठेवला. त्याच्या खांद्यांतला ताठा उतरला, त्याने छातीभर श्वास सोडला आणि बाहीने नाक पुसलं.

"मग ठीक आहे. मला वाटलं, तू जीव तोडून सांगत होतीस आणि मी गाढव ऐकत नव्हतो." त्याने एक लाल अंडं घेतलं, तिपाईवर आपटून सोलायला लागला. "यापुढे मात्र तुझं नको म्हणजे नको. आता मला कळायला लागलंय तुझं."

त्याने अंड्याचा पिवळा बलक कुस्करून तिच्या ओठांशी धरला.

"बरं," सूयुन म्हणाली, आणि तोंड उघडलं.